उसन्या झोपेचा रिपोर्ट

"वैशालीताई, हा माणूस जिवंत कसा आहे?"

शेख सरांनी रिपोर्ट टेबलावर आपटला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून खाली पाहिलं. तो माणूस आमच्या केडगावच्या हॉस्पिटलच्या गेटपाशी उभा राहून भेळ खात होता. शिवाय भेळवाल्याकडे आणखी एक मिरची मागत होता.

"सर, भेळ खातोय," मी म्हणाले.

"तासाला अडतीस वेळा त्याचा श्वास थांबतो. ऑक्सिजन सत्तरवर येतो. आणि तो भेळ खातोय?"

मला एक वाईट खोड आहे. समोरचा गंभीर झाला की मला हसू फुटतं. इतकी वर्षं मी ते हसू खोकल्यात लपवत आले. छातीच्या डॉक्टरांकडे नोकरी असल्यामुळे खोकला खपून जातो. त्या दिवशी मी बराच वेळ खोकले.

मी स्लीप टेक्निशियन आहे. म्हणजे लोकांची झोप मोजते. माझ्या आईला हे काम शेवटपर्यंत पटलं नाही. "झोप काय मोजायची? लागली तर लागली, नाही तर नाही," असं म्हणायची. पण काही माणसांचा झोपेत घसा ढिला पडतो, श्वासाची वाट बंद होते, माणूस गुदमरतो, अर्धवट जागा होतो, श्वास घेतो आणि परत झोपतो. रात्रभर हेच चालतं. सकाळी त्याला काही आठवत नाही. फक्त दिवसभर डोळे मिटतात. ह्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला असे किती खंड पडतात ते आम्ही मोजतो. पाचाच्या आत असतील तर ठीक. तीसच्या वर गेले की सरांचा चष्मा खाली येतो.

भेळ खाणारे गृहस्थ म्हणजे दत्तूभाऊ. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात कामगारांची बस चालवायचे. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही. पण मागच्या महिन्यात बस उभी असताना स्टिअरिंगवर डोकं ठेवून ते असे झोपले, की हॉर्न दहा मिनिटं वाजत राहिला आणि अख्खी पाळी गोळा झाली. कोणाला काही झालं नाही. पण बसमध्ये चाळीस माणसं बसतात. पर्सोनेल ऑफिसरने सांगितलं, "झोपेची टेस्ट करून फिटनेस आणा. बॉयलर पेटायच्या आत आणला नाही, तर ह्या हंगामापासून तुम्ही गेटवर."

गेटवर म्हणजे वॉचमन. दत्तूभाऊंना त्या शब्दानेच घाम फुटायचा. "मॅडम, ज्या पोरान्ला मी गाडी शिकवली, ती माझ्यापुढनं हॉर्न वाजवत जाणार. आन् मी त्येंच्यासाठी गेट उघडायचं?" असं म्हणून ते पहिल्याच दिवशी माझ्यासमोर रडकुंडीला आले होते. तेव्हा मला अजिबात हसू आलं नाही, हे मुद्दाम सांगते.

टेस्ट घरी करायची होती. एक छोटा डबा असतो. छातीला पट्टा, नाकात नळी, बोटाला क्लिप. रात्री लावायचं, सकाळी काढायचं. मी दत्तूभाऊंच्या छातीला पट्टा बांधून दाखवला. माणूस काटकुळा, त्यामुळे पट्टा पार आवळून घ्यावा लागला. संध्याकाळी सात वाजता मी आठवणीचा फोन केला. तिकडून भरदार आवाज आला.

"दत्तूभाऊ, पट्टा घट्ट बांधा हं. आणि क्लिप निसटू देऊ नका."

"मी त्येंची मिसेस बोलतीये," तो भरदार आवाज म्हणाला. "हे दळन आनायला गेलेत."

मी ओशाळले, सॉरी म्हणाले आणि निरोप दिला. वाटलं, सर्दी झाली असेल. दोन दिवसांनी डबा परत आला, मी डेटा उतरवला, आणि अडतीसचा आकडा घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

सरांना आकडा पटत नव्हता. "मान चौदा इंची. पोट नाही. हनुवटी व्यवस्थित. दारू नाही. एवढा सिव्हिअर कसा? थायरॉईड करून घ्या."

थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी. शरीराचं इंजिन किती वेगात चालवायचं ते ती ठरवते. ती मंदावली की सगळंच मंदावतं. वजन वाढतं, अंग सुजतं, जीभ आणि घसासुद्धा आतून सुजतो, स्नायू ढिले पडतात. मग झोपेत श्वासाची वाट बंद पडायला निमित्तच लागत नाही. प्रत्येक घोरणाऱ्याचा थायरॉईड बिघडलेला असतो असं नाही. पण जिथे गणित जुळत नाही तिथे सर तो बघतातच.

दत्तूभाऊंचा थायरॉईड उत्तम निघाला. सर आणखी चिडले.

मग नियमाप्रमाणे सीपॅप दिलं. हे मशीन नाकावाटे हवा सोडतं आणि त्या हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवतं. श्वास अडखळला की मशीन आपोआप दाब वाढवतं. आत एक कार्ड असतं, त्यात सगळं नोंदवलं जातं. दोन आठवड्यांनी दत्तूभाऊ आले ते डोळे तांबारलेले, नाकावर मास्कचा वळ.

"आता झोप कशी लागते?"

"आधी थोडी तरी लागत हुती मॅडम. आता ह्ये सोंड लावल्यापासनं ती बी गेली."

मी कार्ड वाचलं. मशीनने दोन आठवडे काहीही केलेलं नव्हतं. दाब सगळ्यात खालच्या आकड्यावर, एकदाही वर चढलेला नाही. अडखळलेले श्वास जवळजवळ शून्य. सरांनी तो कागद उलटा धरला, सुलटा धरला.

"हे मशीन झोपलंय की पेशंट?"

"दोघंही जागे दिसतायत सर."

"वैशालीताई, थट्टा नको. तुम्ही सेन्सर उलटा लावायला शिकवलंत का?"

आता हे मला झोंबलं. बाकी काही बोला, माझ्या सेन्सरला बोलायचं नाही! मी तरातरा माझ्या खोलीत गेले, कपाटातून तोच डबा काढला, तो त्यानंतर कोणाला दिलेला नव्हता, आणि तपासायला बसले. नळी ठीक. क्लिप ठीक, फक्त तिच्या रबराला आतून मेंदीसारखा तांबूस रंग. आणि पट्टा? पट्टा शेवटच्या टोकापर्यंत सैल केलेला. एवढ्या पट्ट्यात दोन दत्तूभाऊ बसले असते. डबा परत आला तेव्हाही मी हे पाहिलं होतं. आवळत असेल म्हणून सैल केला असेल, असं स्वतःच ठरवून मोकळी झाले होते. चूक माझीच. तीस वर्षांच्या अनुभवाची शेखी मिरवते आणि समोरचा पट्टा दिसत नाही!

तेवढ्यात मला तो फोनवरचा भरदार आवाज आठवला. मी टेबलाशी बसल्या बसल्याच खोकायला लागले.

सरांना काही बोलले नाही. खात्री नव्हती. दत्तूभाऊंना फक्त म्हणाले, "सोमवारी मिसेसना घेऊन या. शेजारी झोपणाऱ्याची साक्ष लागते." हे खोटं नव्हतं. आम्ही नेहमीच विचारतो.

सोमवारी अकरा वाजता वेटिंग हॉलमध्ये दहाबारा पेशंट होते. पंखे गरगरत होते तरी सगळे कागदांनी वारा घेत होते. दत्तूभाऊंच्या शेजारी मंगलताई बसल्या होत्या. अंगावर साडी आणि वरून नवऱ्याचा स्वेटर. चेहरा सुजलेला, भुवया कडेला विरळ. हाताला विटत चाललेली मेंदी, भाचीच्या साखरपुड्याची. मी त्यांचं नाव लिहून घेतलं, वजन विचारलं आणि आत सरांना कागद द्यायला गेले. बाहेर येईपर्यंत फार तर तीन मिनिटं गेली असतील.

बाहेर मंगलताई झोपल्या होत्या. बसल्या बसल्या, मान मागे टाकून. आणि हॉलमध्ये उसाचा ट्रॅक्टर चढाला लागावा तसा आवाज येत होता. दाराची काच थरथरत होती. मग एकदम आवाज बंद झाला. शांतता. हॉलमधली सगळी माणसं कागद हलवायची थांबली. एक दम्याची म्हातारी पुटपुटत आकडे मोजायला लागली. "...सोळा, सतरा, अठरा, गं बाई, गेली का काय?" आणि तेवढ्यात एक जबरदस्त घरघर, आणि ट्रॅक्टर पुन्हा चालू. सगळ्यांनी श्वास सोडला.

दत्तूभाऊ मात्र कौतुकाने बघत होते. "बगा मॅडम, कशी झोपती! पाठ टेकायची खोटी. आमच्या अख्ख्या भावकीत अशी झोप कुनाला न्हाई."

मी हळूच मंगलताईंच्या बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावली. आकडे उतरायला लागले. ब्याण्णव, सत्त्याऐंशी, ऐंशी. मी दत्तूभाऊंकडे वळले आणि अगदी सहज विचारलं, "एवढी छान झोप, म्हणून टेस्टचा डबा ह्यांनाच लावलात ना?"

"मंग काय तर!" दत्तूभाऊ म्हणाले. "परीक्षाच द्यायची तर हुशार मान्साकडनंच..."

आणि थांबले. तोंड उघडं ते उघडंच. मागे शेख सर उभे होते. आवाज ऐकून केबिनमधून बाहेर आले होते.

"आत या," सर म्हणाले. "दोघंही."

केबिनमध्ये सरांचा पारा असा चढला की मी दार लावून घेतलं. "दुसऱ्याची झोप स्वतःच्या नावावर? परीक्षेत कॉपी करतात ऐकलंय. झोपेत कॉपी! तुमच्या हातात चाळीस माणसांचा जीव आहे, आणि मी तुम्हाला नको ते मशीन दोन आठवडे लावून ठेवलं!"

"चुकलं सायेब. पन मला वाटलं, हिच्या झोपेवर मी पैल्या नंबरात पास हुईन. लागलीच फिटनेस."

"अहो, घोरणं म्हणजे गाढ झोप नाही! त्या गुदमरतायत!"

दत्तूभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना हे खरंच माहीत नव्हतं. मंगलताईंना आता पूर्ण जाग आली होती. त्यांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्या जाड आवाजात विचारलं, "म्हंजी नापास मी झाले व्हय?"

झालं! सरांचा राग तिथेच संपला. ते हसले, मी तर खोकल्याचं नाटकसुद्धा केलं नाही. दत्तूभाऊ हसले, मंगलताई हसल्या. हसता हसता त्या कधी रडायला लागल्या ते कळलंच नाही.

"दोन वर्सं झाली सायेब," त्या म्हणाल्या. "उठावंसंच वाटत न्हाई. पाय ओढत चालते. सासू म्हनती बसून खाती म्हनून फुगली. पयलं हळदीला गानी म्हनायला मला लांबून बोलवायचे. आता त्वांड उघडलं तर गडी बोलल्यावानी आवाज येतो. जातच न्हाई मी कुठं. मला वाटलं मी आळशीच झाले. आन् झोप तेवडी चांगली हाय, म्हनून ह्येंच्या उपयोगी पडावं म्हनलं, तर तिच्यात बी खोट निघाली."

मी त्यांचा हात हातात घेतला. गार होता, आणि कातडी खरखरीत.

सर आता एकदम मऊ झाले होते. त्यांनी दत्तूभाऊंना विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हाला दिवसा झोप का येते?"

"एवड्या आवाजात कोन झोपल सायेब? डोळा लागतो, आन् आवाज बंद झाला की धसकून जागा हुतो. मंग कोपर मारतो. आवाज आला की बरं वाटतं."

"बाहेरच्या खोलीत झोपायचं."

"तिला एकटीला भ्या वाटतं." हे सांगताना ते चक्क लाजले.

मंगलताईंचं रक्त तपासायला पाठवलं. त्यात TSH बघतात. हा मेंदूचा थायरॉईडला निरोप असतो, 'काम कर' असा. ग्रंथी ऐकेनाशी झाली की मेंदू आवाज चढवतो, आकडा वाढतो. म्हणजे TSH जास्त, तर थायरॉईड कमी. हे पेशंटला समजावताना निम्मी ओपीडी जाते. साधारण चार-पाचच्या खाली हवा. मंगलताईंचा शंभराच्या वर गेला होता. लॅबवाल्यांनी दोनदा लावून पाहिला आणि मग मला फोन केला, "मॅडम, ह्या बाई चालत आल्या होत्या का?"

आल्या होत्या. स्वेटर घालून, श्रीगोंद्याहून, नवऱ्याच्या नोकरीसाठी.

दत्तूभाऊंना मी त्यांच्या मेव्हण्याकडे सोनईला पाठवलं. ह्या वेळी डबा लावलेला फोटो मागवला, चेहऱ्यासकट, आणि शेजारी मेव्हणा साक्षीला. त्या रात्री दत्तूभाऊ साडेआठ तास झोपले. तासाला दोन खंड. एकदम नॉर्मल! ते रिपोर्ट घेऊन नाचायचेच बाकी होते. "मंग द्या फिटनेस!"

"नाही," सर म्हणाले. "तुम्ही सोनईत फिट आहात. घरी नाही. तुम्हाला आजार नाही, पण तुमची झोप मंगलताईंच्या घशात अडकली आहे. त्या झोपल्या की तुम्ही झोपाल. तुम्ही झोपलात की मी सही करीन."

हंगामाला अडीच महिने होते. सीपॅप आता खऱ्या मालकिणीकडे गेलं आणि पहिल्याच आठवड्यात दाब झरझर चढलेला कार्डावर दिसला. थायरॉईडच्या गोळीला मात्र वेळ लागतो. ती रिकाम्या पोटी घ्यायची, त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. इथे खरी लढाई झाली.

"उठल्या उठल्या चा न्हाई? मंग उटायचं कशाला?" मंगलताई म्हणाल्या.

शेवटी दत्तूभाऊंनी वाटाघाट केली. गोळी ते हातात देणार, पाऊण तास स्वतःही चहा घेणार नाहीत, आणि मग चहा तेच करणार. मला फोनवर सांगत होते, "मॅडम, पाऊन तास आमी दोघं घड्याळाकडं बगत बसतो. लगीन झाल्यापासनं एवडा येळ एकमेकांसंगं बसलो न्हवतो." मी फोन बाजूला धरून मनसोक्त हसले.

दोन महिन्यांनी मंगलताई आल्या त्या स्वेटरशिवाय. डोळे उघडे, टवटवीत. TSH दहाच्या आत आलेला. आणि तक्रार घेऊनच आत शिरल्या. "सायेब, आता मला जाग येती तर काय, ह्येच घोरतात की! बारीक हाय, पन घोरतात!" दत्तूभाऊ म्हणाले, "माजी झोप हाय आता, सोताची, काय बी करीन." सरांनी दोघांचे रिपोर्ट पुन्हा पाहिले आणि पत्र लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून पर्सोनेल ऑफिसरचा फोन. आवाज अगदी सरकारी.

"मॅडम, आपल्या पत्रात चूक आहे. कर्मचारी दत्तात्रय, आणि सोबत रिपोर्ट मंगल ह्या नावाचे?"

"चूक नाही साहेब. दोन्ही लागतात."

"ड्रायव्हरच्या फिटनेसला बायकोचा थायरॉईड लागतो? आमच्या फाईलला तसा रकानाच नाही."

"मग पाडा साहेब. टायर तपासता, ब्रेक तपासता. ह्या गाडीचा ब्रेक घरी होता."

पलीकडे दार लोटल्याचं ऐकू आलं. मग आवाज खाली आला. "मॅडम, एक विचारू? आमचे वडील दुपारी जेवले की खुर्चीतच... घरात सगळे म्हणतात, काय नशीबवान माणूस आहे, बसल्याजागी झोप."

"आवाज येतो?"

"येतो. मधेच बंद पडतो."

"बुधवारी घेऊन या," मी म्हणाले.

बॉयलर पेटला त्या दिवशी दत्तूभाऊंची बस पहिल्या पाळीला वेळेवर सुटली. पेढे द्यायला मंगलताई एकट्या आल्या, एसटीने, गर्दीत उभ्या राहून. पेढा सरांच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात भाचीची हळद आहे, गाणी म्हणायला बोलावलंय. आवाज अजून पूर्ण सुटला नव्हता, थोडा घोगरा होता. सर म्हणाले, "आता म्हणा की एखादं." त्या लाजल्या, दाराकडे बघितलं, आणि चार ओळी म्हणाल्याच. बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले. माझे डोळे भरले आणि ह्या वेळी ते लपवायला माझ्याकडे काही युक्ती नव्हती.

त्यानंतर मी आमच्या फॉर्मवर दोन ओळी वाढवल्या. पहिली, डबा लावलेला पेशंटचा फोटो सक्तीचा. दुसरी, घरात सगळ्यात गाढ झोप कोणाला लागते? जे नाव येईल त्या माणसाला आम्ही आधी बोलावतो. त्याच्या झोपेचं कौतुक रिपोर्ट आल्यावर करू.